दोरीच्या गाठी

दर महिन्याच्या एक तारखेला
मी गावच्या अकरा विहिरींत दोरी सोडते.
सुताची ऐंशी हात दोरी, टोकाला किराणा दुकानातलं
अर्ध्या किलोचं गंजलेलं माप,
हाताहातावर एक गाठ.
हात माझा. कोपरापासून मधल्या बोटापर्यंत.
कोरड्या किती, ओल्या किती,
मोजायचं आणि वहीत लिहायचं.

आधी पोरं मागे मागे यायची,
आता कुत्रंसुद्धा मान वर करत नाही.
फक्त निंबाखालची झेंडूबाई विचारते,
"इहीरमा कितलं पानी शे, माय?"
माझ्या आजेसासूच्या वयाची बाई,
मलाच माय म्हणते.

त्या साली वैशाखातल्या वावटळीने केळी आडवी केली,
घड पोटाशी धरून पडलेली, ओळीच्या ओळी.
पुढे पाऊस कमी पडला असं नाही,
पडला तो चार दिवसांत.
बोरी पुलावरून गेली,
आणि नंतर पाच आठवडे आभाळ
घासलेल्या परातीसारखं.

दसऱ्यानंतर सोसायटीच्या ओट्यावर मी वही वाचली.
मराठी शाळेजवळची : कोरड्या एकतीस, गेल्या साली चोवीस.
खळ्याकडची : कोरड्या छत्तीस, गेल्या साली...
विश्रामतात्या मध्येच म्हणाले,
"आता दोरी सांगणार का, आम्ही काय लावायचं?"
लोक हसले. मीही हसले.
दोरी कुठे काय सांगत होती!
ती ओली व्हायची, नाहीतर व्हायची नाही.

झेंडूबाई उठून घरी गेली. वाटलं, कंटाळली.
आली ती तेलाचा पत्र्याचा डबा कमरेवर घेऊन.
आत राख, निंबाचा पाला,
आणि दादरचं बी, मोत्यासारखं म्हणवत नाही,
दाण्यासारखंच. टपोरं.
"हाई पानी नही मांगस."
काळ्या जमिनीत मागे राहिलेली ओल तिला पुरते.
दव पडलं तर पिते,
नाही पडलं तर रुसत नाही.

रात्री अकरापर्यंत भांडण चाललं.
ठरलं तेही अर्धंमुर्धं :
नवी केळी निम्मीच, तिला शेवरीची वई,
पऱ्हाटी जाळायची नाही,
बाकी रानात दादर.
तिघे उठून गेले. तात्या त्यांतले एक.
बियाला व्याज किती, कुणीतरी विचारलं.
"पायलीले पायली," झेंडूबाई म्हणाली,
पण पुढच्या साली घरोघरी एकेक डबा दिसला पाहिजे.

पौषात दादर माणसाच्या डोक्यावर गेली.
भेगाळलेल्या जमिनीत इतकं हिरवं
कुठून आलं, मला अजून नीट समजलेलं नाही.
एका शेताला चिकटा लागला, तेही खरं.
भाकरी झाली, वर कडब्याचे पैसे आले,
अमळनेरहून गाडी दारात आली कडब्यासाठी.
वहीत त्याला रकाना नव्हता.
मी समासात लिहिलं.

मे महिन्यातली रात्र. भिंतीला पाठ टेकवत नव्हती.
तात्या आले, हातात बॅटरी.
"जरा आमच्या बोअरमधे टाक."
अकरांत ती नव्हती. कधी मोजूच दिली नव्हती.
मी दोरी सोडली. चाळीस. साठ.
अठ्ठ्याहत्तर. ऐंशी.
दोरी संपली. माप अधांतरी हलत राहिलं,
पाईपला लागून टण टण वाजत.
वर ओढली तर शेवटची गाठही
उन्हात वाळलेल्या फडक्यासारखी.

मला वाटलं, म्हणतील कुणाला सांगू नको.
त्यांनी बॅटरी वहीवर धरली.
"लिही."
मी बारावी ओळ आखली. हात जरा हलला,
ओळ वाकडी आली.

सकाळी त्यांचा गडी ओट्यावर
मोटारीचा नायलॉनचा दोर टाकून गेला,
दोनशे हात तरी असेल.
गाठी मारलेल्या नाहीत.
त्या मलाच माराव्या लागतील,
माझ्या हाताने मोजून.